सोलापुरात नवीन आलात? आधी गाडी कुणाची ते ओळखा

उदगीरहून सोलापुरात येऊन मला 22 वर्षं झाली. आल्या आल्या पहिला घोळ घातला तो अर्जाचा. आमच्या कॉलनीच्या कोपऱ्यावर सिटी बसला थांबा द्यावा, असा दोन पानी अर्ज लिहिला आणि थेट एसटी स्टँडवर नेऊन दिला. खिडकीतल्या साहेबांनी तो सगळा वाचला, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, "हे आमचं नाही हो, इंद्रभुवनला जा." मला वाटलं, इंद्रभुवन म्हणजे थेटर असेल!

इंद्रभुवन म्हणजे आपली महापालिका. आणि सिटी बस चालवतो तो महापालिकेचा परिवहन उपक्रम, सगळे त्याला एसएमटी म्हणतात. एसटी राज्याच्या महामंडळाची. तिचा इथला कारभार विभाग नियंत्रकांकडे आणि आगारापुरता आगार व्यवस्थापकांकडे. दोघींचा एकमेकींशी काडीचा संबंध नाही. 17 मार्च 2023 पासून बायकांना अर्धं तिकीट झालं ते एसटीत. सिटी बसमध्ये "अर्धं द्या" म्हणून कंडक्टरशी हुज्जत घालू नका, ते त्याच्या हातात नाही.

मग कुणाच्या हातात आहे? महापालिका कायदा 1949 चा. त्यात परिवहन समितीची तरतूद आहे, सभासद 13. बारा जण महापालिका नेमते आणि स्थायी समितीचा सभापती पदसिद्ध. गंमत म्हणजे हे बारा जण नगरसेवकच असले पाहिजेत असं नाही. वाहतूक, इंजिनिअरिंग, व्यापार, कामगारांचे प्रश्न यांतलं कळणारी माणसं घ्यावीत, असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात पक्षातल्या कुणाकुणाची सोय लावायची राहिलीय हे आधी बघतात, असं माझं मत. रोजचा गाडा हाकतो तो परिवहन व्यवस्थापक.

समिती असेलच असंही धरून चालू नका. मार्च 2022 मध्ये सभागृहाची मुदत संपली आणि प्रशासक आले, तेव्हा सभा, समित्या सगळ्यांचे अधिकार एकाच टेबलावर गोळा झाले. म्हणून अर्ज लिहिण्याआधी सध्या सभागृह आहे की प्रशासक, एवढं विचारून घ्या.

परिवहनचं अंदाजपत्रक वेगळं असतं. व्यवस्थापक ते समितीपुढे ठेवतो, तिथून ते स्थायी समितीमार्गे सभागृहात जातं. तिकिटाच्या पैशात डिझेल, पगार, टायर भागत नाहीत आणि वरचा खड्डा महापालिका भरते. नवी गाडी मागायला गेलं की सगळी चर्चा शेवटी याच खड्ड्याशी येऊन थांबते. केंद्राच्या पीएम ई-बस योजनेत (विजेवर चालणाऱ्या सिटी बस) गाडी ठेकेदाराची असते आणि त्याला किलोमीटरमागे पैसे मिळतात, त्यामुळे तिथं हिशेबाची तऱ्हाच निराळी.

भाडं वाढवायचं तर महापालिकेच्या ठरावावर भागत नाही, प्रादेशिक परिवहन प्राधिकरणाची मंजुरी लागते. त्याचे अध्यक्ष जिल्हाधिकारी. रिक्षाचं मीटरचं भाडंही हेच प्राधिकरण ठरवतं.

आता अर्जाचं. एका अर्जात एकच मागणी. तक्रार असेल तर गाडीचा नंबर, तारीख, वेळ आणि तिकिटाची झेरॉक्स. माझा पहिला अर्ज "नागरिकांची प्रचंड गैरसोय" असल्या वाक्यांनीच भरला होता. दुसऱ्यात फक्त सकाळी 7 ते 9 मध्ये त्या कोपऱ्यावर किती माणसं उभी असतात ते आठवडाभर मोजून लिहिलं. दोन प्रती काढा आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांकाचा शिक्का मारून घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. उत्तर आलं नाही तर महिन्याच्या पहिल्या सोमवारी महापालिकेत लोकशाही दिन, म्हणजे साहेबांपुढे तक्रार मांडायचा दिवस, असतो. त्याचा अर्ज मात्र 15 दिवस आधी द्यावा लागतो, आणि तिथं तोच शिक्का दाखवायचा.

तोवर सात रस्ता ते आसरा शेअर रिक्षा आहेच. सुट्टे पैसे खिशात ठेवा.