पावसाळ्यात डुकरांच्या माद्यांचे पाय सांभाळा

चांगली मादी दोन-तीन वेतांतच कळपातून काढावी लागली, की दोष जातीला किंवा खाद्याला दिला जातो. आधी शेडची जमीन पाहा. मादी तयार करण्याचा खर्च साधारण तिसऱ्या वेतापर्यंत भरून निघतो आणि पिल्लांची संख्या तिसऱ्या ते पाचव्या वेतात सर्वांत चांगली असते. म्हणजे ती ऐन भरात येते तेव्हाच लंगडते म्हणून आपण तिला काढतो. हे नुकसान टाळता येण्यासारखं आहे.

पावसाळ्यात कोबा सुकतच नाही. खुरं मऊ पडतात, चिरतात आणि चिरेतून जंतू आत जातात. मागच्या पायांची बाहेरची खुरं आधी पाहा, भार त्यांच्यावर जास्त असतो. खाद्य टाकल्यावर कोण उशिरा उठतं, कोण मागचे पाय पसरून नुसती बसून राहते, हे रोज सकाळी बघा. अशी मादी पाण्यालाही उठत नाही. ओल्या घाणीत बसून तिला मूत्रमार्गाचा संसर्ग होतो आणि पुढे गाभण राहणंही अवघड होतं.

जमिनीला दर मीटरला दोन-तीन सेंटीमीटर उतार हवा. कोबा गुळगुळीत नको आणि खुरं खरवडेल इतका खडबडीतही नको. काँक्रीटच्या पट्ट्यांची जमीन असेल तर फटी मोजा. युरोपीय संघाच्या नियमात माद्यांसाठी फट जास्तीत जास्त २० मिलिमीटर आहे. तुटलेल्या कडा लगेच दुरुस्त करा. निजायच्या जागी कोरडा पेंढा टाका, त्याने खांद्यावरच्या जखमाही कमी होतात.

गटात ठेवत असाल तर नराकडून भरवल्यानंतर पहिल्या आठवड्यापासून चौथ्या आठवड्यापर्यंत नव्या माद्या मिसळू नका. तेव्हा गर्भ रुजत असतो आणि मारामारीत तो जातो. पाय मोडतात ते वेगळंच. मिसळताना जागा सढळ द्या आणि दुबळीला आडोसा ठेवा.

पाऊस आत येतो म्हणून चारही बाजूंचे पडदे बंद करू नका. डुकराला घाम जवळजवळ येत नाही. २५ अंशांच्या वर दूध पाजणारी मादी खाणं कमी करते, खंगते आणि माजावर उशिरा येते. वाऱ्याच्या बाजूचा पडदा खाली ओढा, दुसरी बाजू उघडी ठेवा. तिच्या पाणी प्यायच्या निपलमधून (नळाच्या तोटीतून) मिनिटाला दोन लिटर पाणी येतं का, हे मापाने तपासा. गळका निपल मात्र त्याच दिवशी बदला, ओल तिथूनच सुरू होते.