करडी वाळू आणि काळवंडलेले चेहरे: माझा अनुभव

नव्या कॅमेऱ्याने समुद्रकिनाऱ्यावर काढलेल्या छायाचित्रांत भर उन्हातली पांढरी वाळू करडी दिसत असे आणि चेहरे काळवंडत. कॅमेऱ्यात दोष नव्हता. त्याचा प्रकाशमापक समोरचे दृश्य सरासरीने मध्यम करडे आहे असे धरून चालतो, त्यामुळे चौकटीत चकाकणारी वाळू आणि पाणी अधिक असले की तो एक्सपोजर, म्हणजे चित्रासाठी आत घेतला जाणारा प्रकाश, कमी करतो. म्हणून मी ॲपर्चर प्रायॉरिटी मोडमध्ये (यात ॲपर्चर, म्हणजे लेन्सचे छिद्र, आपण ठरवतो आणि शटरचा वेग कॅमेरा) आयएसओ, म्हणजे प्रकाशसंवेदनशीलता, १०० आणि ॲपर्चर एफ/८ ठेवून एक्सपोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे कॅमेऱ्याने ठरवलेल्या एक्सपोजरमध्ये आपण करायची वाढ-घट, +०.७ ते +१.३ पर्यंत वाढवू लागलो, आणि दरवेळी हिस्टोग्राम (चित्रातील गडद ते उजळ भागांचा आलेख) उजव्या, म्हणजे उजळ, कडेला चिकटत नाही ना, हे पाहू लागलो. उन्हात मागच्या पडद्यावरचे चित्र फसवे दिसते, त्यामुळे हा आलेखच अधिक भरवशाचा. ढगांचा तपशील जाऊ लागल्यास वाढ कमी करावी. रॉ फाइलमधील (सेन्सरची जवळजवळ प्रक्रिया न केलेली नोंद) सावल्या नंतर उजळता येतात.

सूर्य पाठीशी घेऊन उभ्या असलेल्या व्यक्तीसाठी मात्र एवढे पुरत नाही. तेथे मी फ्लॅश वापरतो; परंतु बहुतेक कॅमेऱ्यांत फ्लॅशसोबत शटरचा वेग सुमारे १/२०० सेकंदापलीकडे नेता येत नसल्याने उन्हाचा जास्तीचा प्रकाश रोखण्यासाठी ॲपर्चर एफ/११ किंवा त्याहून लहान (म्हणजे एफचा आकडा मोठा) करावे लागते.

क्षितिज सरळ येण्यासाठी पडद्यावर ग्रिड सुरू केली. लेन्स किनाऱ्यावर बदलत नाही, आणि काचेवरची वाळू ब्लोअरने उडवल्याशिवाय तिला कापड लावत नाही, कारण वाळूच्या कणांनी ओरखडे पडतात.