प्लॅस्टिक ठिसूळ झालंय? दोष थंड करण्यात आहे की रेणूंच्या साखळ्यांत, ते असं ओळखा

आधी एक प्रयोग करा. पेटची (PET, पाण्याच्या बाटल्यांचं प्लॅस्टिक) पारदर्शक बाटली घ्या, आटे असलेला गळा कापा आणि ओव्हनमध्ये फॉइलवर ठेवून १५० डिग्रीला १५-२० मिनिटं द्या (खिडकी उघडी ठेवा, आणि खाण्यासाठी न वापरायचा जुना ओव्हन असेल तर बेस्ट). काचेसारखा गळा हळूहळू दुधासारखा पांढरा होत जातो. काही जळलेलं नसतं हां, बाटली बनताना गरम पेट थंड साच्यात पटकन गोठलं होतं, साखळ्या (म्हणजे प्लॅस्टिकचे दोऱ्यासारखे लांब रेणू) गुंत्यातच अडकल्या होत्या, आता ७५-८० डिग्रीच्या वर गेल्यावर त्यांना हलायला मोकळीक मिळाली आणि त्या शिस्तीत रचून बसल्या, म्हणजे स्फटिक झाले. स्फटिक प्रकाश विखुरतात म्हणून पांढरं दिसतं. असा तुकडा उष्णता जास्त सोसतो, कडक होतो पण आकसतो आणि लवचिकपणा जातो. गरम ज्यूस भरायच्या काही बाटल्यांचा गळा पांढरा असतो ना, तो मुद्दाम असा केलेला असतो.

थ्रीडी प्रिंटवाल्यांनी हेच पीएलएवर (PLA, प्रिंटरमध्ये नेहमी वापरतात ते प्लॅस्टिक) करायचं. ते ६० डिग्रीच्या आसपासच मऊ पडतं, म्हणून प्रिंट बारीक मिठात पुरून ९०-१०० डिग्रीला तासभर ठेवा आणि ओव्हन बंद करून आतच थंड होऊ द्या, घाईत बाहेर काढला तर वाकडा झालाच समजा. आकसणार आहेच, त्यामुळे आधी टेस्ट पीस. अॅक्रिलिकमध्ये स्फटिक होत नाहीत, तिथे प्रॉब्लेम आतल्या ताणाचा. लेझरने कापलेली कड अल्कोहोलने पुसली की बारीक तडे जातात, ते टाळायला ८० डिग्रीला काही तास ठेवून सावकाश थंड करा, मगच पुसा.

आता साखळीची लांबी. मेणबत्तीचं पॅराफिन आणि पॉलिथिन दोन्ही कार्बन-हायड्रोजनच्या तशाच साखळ्या, पण मेणात २०-४० कार्बन आणि पॉलिथिनमध्ये हजारो, म्हणून मेण नखाने तुटतं आणि पिशवी ताणली जाते. आखूड दोरे एकमेकांत अडकतच नाहीत, सुटून येतात. लांब साखळीचा तोटा पण आहे, लांबी दुप्पट केली की वितळलेला माल साधारण दहापट घट्ट वाहतो. दाणा (कच्चं प्लॅस्टिक) घेताना डेटाशीटवर मेल्ट फ्लो इंडेक्स बघा, ठरावीक तापमानाला आणि वजनाखाली छोट्या भोकातून १० मिनिटांत किती ग्रॅम बाहेर आलं तो आकडा. आकडा मोठा म्हणजे साखळ्या आखूड, पातळ भिंतीचे डबे सहज भरतात, पाइपला मात्र छोटा आकडा लागतो. तुलना एकाच जातीच्या प्लॅस्टिकमध्ये आणि त्याच तापमान-वजनाला करा नायतर अर्थ नाही.

मी एकदा पेटचा चुरा न सुकवता वितळवला, पट्टी कडाकड मोडली आणि मी दोन दिवस थंड करायच्या स्पीडला दोष देत बसलो. खरा चोर ओलावा होता. वितळलेल्या पेटमध्ये पाणी असलं की ते साखळ्या कापतं, नायलॉन, पॉलिकार्बोनेट आणि पीएलएचंही तसंच. म्हणून पेट साधारण १६० डिग्रीला ४-६ तास सुकवून लगेच वापरायचं.

ओळखायचं कसं? तोच माल नीट सुकवून परत वितळवा आणि पातळ पट्टी थंड पाण्यात बुडवा. पट्टी पारदर्शक आली आणि वाकली तर आधीचा दोष थंड करण्यातच होता. पारदर्शक येऊनही मोडली तर साखळ्या तुटलेल्यात, त्या ओव्हनने जुळत नाहीत, मग तो माल नव्या दाण्यात थोडाथोडा मिसळून संपवा.