गरोदरपणी हिवताप: गोळी घेण्याआधी महिना सांगा

रोवणीच्या दिवसांत गडचिरोली, गोंदिया किंवा मेळघाटातल्या गावांत थंडी वाजून ताप आला, की घरात कोणाच्या तरी उरलेल्या गोळ्या शोधल्या जातात. गरोदर बाईने असे कधीही करू नये, कारण हिवतापाच्या काही गोळ्या तिला कोणत्याही महिन्यात चालतात, काही ठरावीक महिन्यांनंतरच चालतात, तर काही बाळंतपण होईपर्यंत मुळीच चालत नाहीत. भीतीपोटी औषधच टाळणेही तितकेच धोक्याचे आहे. फॅल्सिपेरम या हिवतापाच्या अधिक धोकादायक प्रकाराचे जंतू वारेत साठतात आणि त्यामुळे आईचे रक्त कमी होणे, गर्भपात होणे किंवा बाळ कमी वजनाचे जन्मणे असे परिणाम होऊ शकतात.

ताप आला त्याच दिवशी आशाताईंकडून किंवा उपकेंद्रात रक्त तपासून घ्यावे. तपासणीत काही आढळले नाही आणि ताप येतच राहिला, तर पुन्हा तपासावे. त्याच वेळी कितवा महिना आहे, हे स्पष्ट सांगावे. पहिले तीन महिने दिवस गेल्याची गोष्ट घराबाहेर न बोलण्याची आपल्याकडे रीत आहे, आणि औषधाची निवड सर्वांत नाजूक असते ती नेमकी याच काळात. पाळी नुसती चुकली असली, तरी तेवढे सांगावे.

रक्तात व्हायव्हॅक्स या हिवतापाच्या दुसऱ्या प्रकाराचे जंतू आढळल्यास क्लोरोक्विन कोणत्याही महिन्यात देता येते. प्रौढ बाईला २५० मिलिग्रॅमच्या गोळ्या पहिल्या दोन दिवशी चार-चार आणि तिसऱ्या दिवशी दोन अशा देतात; त्या जेवणानंतर घ्याव्यात. याच तापावर घरातील इतरांना चौदा दिवस दिली जाणारी प्रायमाक्विन मात्र गरोदर बाईला वर्ज्य आहे. जी६पीडी या घटकाची कमतरता असल्यास ती गोळी रक्तपेशी फोडते, आणि पोटातल्या बाळात ती कमतरता आहे की नाही, हे आधी कळत नाही. घरात उरलेली पट्टी बहुधा हीच असते. प्रायमाक्विन न मिळाल्याने यकृतात लपलेले जंतू राहतात व ताप उलटू शकतो, म्हणून डॉक्टर आठवड्यातून एकदा क्लोरोक्विन चालू ठेवण्यास सांगू शकतात.

फॅल्सिपेरम असल्यास महिन्याला महत्त्व येते. भारताच्या २०१३ च्या औषध धोरणात पहिल्या तीन महिन्यांसाठी सात दिवस क्विनाइन सांगितले आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये याच काळासाठी आर्टिमेथर-ल्युमेफँट्रिन या संयुक्त गोळीची शिफारस केली. यांपैकी काय द्यायचे, ते डॉक्टर ठरवतील. क्विनाइनने कानात आवाज येतो आणि रक्तातील साखर उतरू शकते, म्हणून ते उपाशीपोटी घेऊ नये. घाम सुटून हातपाय थरथरल्यास साखरपाणी देऊन लगेच दवाखाना गाठावा. चौथ्या महिन्यापासून आर्टिमिसिनिनयुक्त संयुक्त उपचार, म्हणजे आर्टिमिसिनिन गटाचे औषध दुसऱ्या औषधाच्या जोडीने, दिला जातो. त्यात सल्फाडॉक्सिन-पायरिमेथामिन असेल आणि बाई ५ मिलिग्रॅमची फॉलिक अॅसिडची गोळी घेत असेल, तर ते सांगावे, कारण एवढ्या मात्रेने औषधाचा जोर कमी होतो. डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक गरोदरपणी टाळावे.

झटके, बेशुद्धी, धाप किंवा सतत उलट्या दिसल्यास १०८ वर फोन करावा. अशा गंभीर आजारात आर्टेसुनेटचे इंजेक्शन कोणत्याही महिन्यात देतात. नातेवाइकांनी त्याला नकार देऊ नये.

घेतलेल्या औषधाचे नाव व तारीख माता-बाल संरक्षण कार्डावर नोंदवून घ्यावी. व्हायव्हॅक्स झालेल्या बाईने बाळंतपणानंतर तेच कार्ड दाखवावे, म्हणजे तिची व अंगावर पिणाऱ्या बाळाची जी६पीडी तपासणी करून राहिलेली प्रायमाक्विन केव्हा द्यायची, ते डॉक्टरांना ठरवता येईल.