वयस्कर फ्री एजंटवर जादा पैसे मोजताना या चुका टाळा

उत्तर अमेरिकेतील मेजर लीग बेसबॉलचा हंगाम संपला की मैदानाबाहेरचा दुसरा खेळ सुरू होतो. दर हिवाळ्यात एखादा संघ तिशी ओलांडलेल्या नामवंत फ्री एजंटला, म्हणजे कोणत्याही संघाशी करार करायला मोकळ्या झालेल्या खेळाडूला, सर्वांच्या अंदाजापेक्षा मोठी रक्कम देऊन बसतो, त्या दिवशी चाहते जल्लोष करतात आणि चार वर्षांनी तेच चाहते हा करार केला तरी कोणी, असे विचारू लागतात. अशा खेळाडूंना जादा पैसे द्यावेत की नाही, हा वाद दरवर्षी रंगतो. परंतु माझ्या मते तो प्रश्नच अर्धवट मांडला जातो. वर्षाला थोडे जास्त दिल्याने संघ क्वचितच अडचणीत येतो, वर्षे जास्त दिल्याने मात्र हमखास येतो. पुढे सांगितलेल्या बहुतेक चुकांचे मूळ रक्कम आणि मुदत यांतील हा फरक न पाहण्यात आहे.

बाजारात येणारा माल कोणत्या वयाचा आहे, हे विसरू नका

मेजर लीगमध्ये सहा वर्षांची सेवा पूर्ण झाल्याशिवाय खेळाडू फ्री एजंट होत नाही. पहिली सुमारे तीन वर्षे तो जवळजवळ किमान वेतनावर खेळतो, आणि 2025 मध्ये हे किमान वेतन 7 लाख 60 हजार डॉलर होते. त्यानंतरची तीन वर्षे लवादाच्या मार्गाने त्याचा पगार वाढतो. तेविसाव्या किंवा चोविसाव्या वर्षी पदार्पण करणारा खेळाडू मोकळा होईपर्यंत तिशीला टेकलेला असतो, म्हणजे त्याची ऐन उमेदीची वर्षे जुन्या संघाने स्वस्तात वापरून घेतलेली असतात. नवा संघ विकत घेतो ती बहुतांशी उताराची वर्षे असतात. त्यात मेजर लीगमधील करार साधारणतः पूर्णपणे हमीचे असतात, त्यामुळे खेळाडू दुखापतीने घरी बसला किंवा त्याचा फॉर्म गेला तरी ठरलेला डॉलर द्यावाच लागतो.

हे गणित एकदा कागदावर मांडून पाहावे. बत्तीस वर्षांचा एखादा खेळाडू आज संघाला हंगामाला चार जादा विजय मिळवून देतो असे समजा आणि दर वर्षी त्यातला अर्धा विजय घटतो असा ढोबळ ठोकताळा धरा. पाच वर्षांत तो पंधरा विजय देईल, आठ वर्षांत अठरा. वर्षाला 2.5 कोटी डॉलर या दराने आठ वर्षांचा करार 20 कोटींचा होतो आणि त्यातील शेवटचे 7.5 कोटी केवळ तीन विजयांसाठी जातात. त्याऐवजी वर्षाला 3 कोटी डॉलर देऊन पाच वर्षांत मोकळे झाले, तर खर्च 15 कोटी आणि विजय पंधरा. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रे पाच वर्षांचा करार करणाऱ्या संघालाच उधळ्या म्हणतील, कारण वर्षाचा आकडा त्याचा मोठा दिसतो.

मागच्या कामगिरीचे बिल पुढच्या वर्षांच्या नावे फाडू नका

आल्बर्ट पूहोल्सने सेंट लुइस कार्डिनल्सकडून 2001 ते 2011 या काळात 445 होमरन (चेंडू थेट मैदानाबाहेर धाडणारे फटके) मारले, तीन वेळा लीगच्या सर्वोत्तम खेळाडूचा मान मिळवला आणि दोन वर्ल्ड सीरीज, म्हणजे हंगामाच्या विजेतेपदाच्या अंतिम मालिका, जिंकल्या. डिसेंबर 2011 मध्ये लॉस एंजेलिस एंजल्सने त्याला दहा वर्षांसाठी सुमारे 24 कोटी डॉलर कबूल केले, तेव्हा तो बत्तिशीच्या उंबरठ्यावर होता. त्याची 2008 पासूनची फलंदाजीची सरासरी (मोजल्या जाणाऱ्या संधींपैकी किती वेळा हिट, म्हणजे यशस्वी फटका, मिळाला याचे प्रमाण) अनुक्रमे 0.357, 0.327, 0.312 आणि 0.299 अशी होती. दरवर्षी एक पायरी खाली, आणि तीही कोणापासून लपवलेली नव्हती. मात्र 2011 च्या वर्ल्ड सीरीजमधील एका सामन्यात त्याने तीन होमरन ठोकले होते, आणि लोकांच्या डोळ्यांसमोर तोच सामना राहिला.

एंजल्सकडून त्याची सरासरी 0.256 राहिली आणि 2013 मध्ये पायाच्या तळव्याच्या दुखण्यामुळे तो 99 सामन्यांपुढे खेळू शकला नाही. या दहा वर्षांत संघ एकदाच, 2014 मध्ये, प्लेऑफमध्ये पोहोचला आणि कॅन्सस सिटीकडून तीनही सामने हरून परतला.

याच करारात आणखी एक फसवा आकडा दडलेला आहे. पूहोल्सच्या फटक्यांवर 2017 मध्ये 101 धावा आल्या, म्हणून अनेकांनी म्हातारा अजून चालतो आहे, अशी समजूत करून घेतली. त्याच हंगामात त्याचे बेसवर पोहोचण्याचे प्रमाण 0.286 होते, आणि नियमित फलंदाजासाठी हा आकडा फारच खालचा आहे. त्याच्या आधी फलंदाजी करणाऱ्या माइक ट्राउटचे हेच प्रमाण 0.442 होते. बेसवर आधीच सहकारी उभा असे; ताटात वाढलेले होते, म्हणून धावा आल्या. वयस्कर खेळाडूचा करार ठरवताना आरबीआयचा, म्हणजे फलंदाजाच्या फटक्यांवर आलेल्या धावांचा, स्तंभ झाकूनच ठेवावा, असे मी म्हणेन.

घाई करू नका, विशेषतः कोणी मागे लागलेले नसताना

फिलाडेल्फिया फिलीजने रायन हॉवर्डशी एप्रिल 2010 मध्ये पाच वर्षांचा 12.5 कोटी डॉलरचा करार केला, त्या वेळी त्याच्या जुन्या कराराचे जवळजवळ दोन हंगाम शिल्लक होते. नवा करार 2012 मध्ये सुरू व्हायचा होता, म्हणजे खेळाडू बाजारात येण्याच्या आधीच त्याची बत्तिशीनंतरची वर्षे विकत घेतली गेली. ऑक्टोबर 2011 मध्ये कार्डिनल्सविरुद्धच्या मालिकेचा पाचवा, निर्णायक सामना फिलीज 1-0 असे हरत होते. शेवटचा फलंदाज हॉवर्ड होता. त्याने चेंडू सेकंड बेसमनकडे मारला, पहिल्या बेसकडे धावायला निघाला आणि काही पावलांतच कोसळला. त्याच्या टाचेचा स्नायुबंध तुटला होता. प्रतिस्पर्धी संघ मैदानाच्या मध्यावर आनंदोत्सव करत असताना तो बेसच्या वाटेवर बसून होता, आणि 12.5 कोटींच्या कराराचा एक दिवसही अद्याप सुरू झालेला नव्हता. पुढे 2016 मध्ये त्याची सरासरी 0.196 वर आली, आणि 2017 साठी करार वाढवण्याचा पर्याय नाकारण्यासाठी संघाला आणखी 1 कोटी डॉलर मोजावे लागले.

थांबले असते तर फिलीजना ती दुखापत पाहून निर्णय घेता आला असता. जिथे स्पर्धक बोली लावणारा नाही, तिथे आपणच आपल्याविरुद्ध बोली वाढवण्याचा हा प्रकार आहे.

सगळी कौशल्ये एकाच वेगाने म्हातारी होत नाहीत

पायांचा वेग आणि बचाव आधी जातात, बॅटचा वेग त्यांच्या मागोमाग जातो, आणि चांगल्या-वाईट चेंडूची पारख पुष्कळ काळ टिकते. त्यामुळे ज्याचा सारा खेळ जोरदार फटक्यावर उभा आहे आणि जो स्ट्राइकआउटही (चेंडू न टोलवताच बाद) खूप होतो, त्याच्याबाबत अधिक सावध राहावे. ख्रिस डेव्हिसने 2015 मध्ये 47 होमरन मारल्यावर बाल्टिमोर ओरिओल्सने त्याला सात वर्षांचे 16.1 कोटी डॉलर दिले. 2018 मध्ये त्याची सरासरी 0.168 होती. त्या हंगामाच्या अखेरीपासून पुढच्या हंगामाच्या सुरुवातीपर्यंत तो सलग 54 वेळा हिटविना परतला, आणि एप्रिल 2019 मध्ये बॉस्टनच्या फेनवे पार्कमध्ये अखेर त्याला एक साधा सिंगल, म्हणजे पहिल्या बेसपर्यंतचा हिट, मिळाला.

पिचर, म्हणजे चेंडू टाकणाऱ्या खेळाडूंबाबत तर कोणताही नियम छातीठोकपणे सांगता येत नाही. वॉशिंग्टन नॅशनल्सने तिशीतल्या मॅक्स शेर्झरला जानेवारी 2015 मध्ये सात वर्षांसाठी 21 कोटी डॉलर दिले आणि त्याने सर्वोत्तम पिचरच्या दोन साय यंग पुरस्कारांसह 2019 च्या विजेतेपदाला हातभार लावला. त्याच यशाच्या भरात त्याच संघाने एकतीस वर्षांच्या स्टीफन स्ट्रासबर्गशी सात वर्षांचा 24.5 कोटींचा करार केला, आणि त्यानंतर तो केवळ आठ सामन्यांत चेंडू टाकू शकला.

हप्ते पुढे ढकलल्याने खर्च कमी होतो, असे समजू नका

पूहोल्सला पहिल्या वर्षी 1.2 कोटी डॉलर होते, तिसऱ्या वर्षी 2.3 कोटी, आणि तिथून दरवर्षी दहा लाखांनी वाढत शेवटच्या वर्षी 3 कोटी. खेळ उतरत गेला तसा पगार चढत गेला. लक्झरी टॅक्ससाठी (ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त पगार देणाऱ्या संघांवरील करासाठी) कराराची वार्षिक सरासरी धरली जाते, त्यामुळे अशा चढत्या हप्त्यांनी त्या करातही सवलत मिळत नाही. उलट वर्षे वाढवल्याने सरासरी खाली येते, आणि अलीकडचे लांबलचक करार पुष्कळदा याच हिशेबाने होतात. झँडर बोगार्ट्सला सॅन डिएगोने तिसाव्या वर्षी अकरा वर्षांचे 28 कोटी दिले, म्हणजे सरासरी सुमारे 2.55 कोटी. शेवटची तीन-चार वर्षे हा कर वाचवण्याचा खर्च आहे असे मालकाने मनाशी स्पष्ट मान्य केले असेल, तर त्याला मी चूक म्हणणार नाही. खेळाडू चाळिशीतही खेळेल अशी आशा धरून हे केले असेल, तर ती चूकच आहे.

उधारीचे प्रसिद्ध उदाहरण न्यू यॉर्क मेट्सचे. त्यांना 2000 साली बॉबी बोनियाला 59 लाख डॉलर देऊन मोकळे करायचे होते, पण त्यांनी ते आठ टक्के व्याजाने पुढे ढकलले. त्यामुळे 2011 पासून 2035 पर्यंत दर 1 जुलैला त्याला 11 लाख 93 हजार 248 डॉलर मिळतात. थट्टेत सगळे उधारीला दोष देतात. खरी बोच व्याजाच्या दराची आहे. लॉस एंजेलिस डॉजर्सच्या शोहेई ओतानीच्या 70 कोटींपैकी 68 कोटी डॉलर बिनव्याजी पुढे ढकललेले आहेत, तेव्हा तिथे फायदा संघाचा आहे.

तिकिटांतून पैसे वसूल होतील, हा युक्तिवाद तपासून घ्या

एंजल्सचे प्रेक्षक 2003 पासूनच दर हंगामात तीस लाखांच्या वर होते, म्हणजे पूहोल्स येण्याच्या कितीतरी आधीपासून. भरलेल्या भांड्यात तो आणखी किती ओतणार होता?

करारासोबत जाणारी ड्राफ्टमधील निवड विसरू नका

मोठा फ्री एजंट घेताना संघाला ड्राफ्टमधील, म्हणजे नवोदित खेळाडू क्रमाने निवडण्याच्या प्रक्रियेतील, एक निवड गमवावी लागू शकते. आजच्या नियमांत ती साधारणतः दुसऱ्या फेरीपासून पुढची असते, पूर्वी पहिल्या फेरीतली जात असे. पूहोल्सच्या बदल्यात एंजल्सची 2012 मधली एकोणिसावी निवड कार्डिनल्सकडे गेली आणि त्यांनी तिच्यावर मायकल वाका नावाचा पिचर घेतला. पुढच्याच वर्षी नॅशनल लीगच्या (मेजर लीगच्या दोन विभागांपैकी एकाच्या) अंतिम मालिकेत तो सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि कार्डिनल्स वर्ल्ड सीरीजमध्ये पोहोचले. गंमत अशी, की ही किंमत एंजल्सइतकी दुसऱ्या कोणालाही ठाऊक नसावी. यांकीजने मार्क टेशेराला घेतल्याच्या भरपाईत 2009 मध्ये जी पंचविसावी निवड एंजल्सला मिळाली, तिच्यावर त्यांनी माइक ट्राउटला घेतले होते.

मग जास्त द्यावेच कधी?

संघ विजेतेपदाच्या अगदी जवळ असेल, हवी असलेली जागा घरच्या तरुणांतून भरणार नसेल आणि मुदत आटोक्यात राहत असेल, तेव्हा खुशाल द्यावे. डॉजर्सने बत्तीस वर्षांच्या फ्रेडी फ्रीमनला 2022 मध्ये सहा वर्षांचे 16.2 कोटी डॉलर दिले. 2024 च्या वर्ल्ड सीरीजच्या पहिल्या सामन्यात दहाव्या इनिंगमध्ये त्याने मारलेला ग्रँडस्लॅम (तिन्ही बेस भरलेले असतानाचा होमरन) आणि मालिकेतील सर्वोत्तम खेळाडूचा मान पाहता त्या कराराबद्दल कोणी कुरकुर करत नाही. त्याला सोडणाऱ्या अटलांटाने सत्तावीस वर्षांचा मॅट ओल्सन आणला, ज्याने 2023 मध्ये 54 होमरन मारले. दोन्ही निर्णय आपापल्या जागी योग्य होते. नेल्सन क्रूझला सिअॅटलने चौतिसाव्या वर्षी चारच वर्षे, 5.7 कोटींत, करारबद्ध केले आणि त्याने मुख्यतः नियुक्त फलंदाज (क्षेत्ररक्षण न करता फक्त फलंदाजी करणारा) म्हणून खेळून त्या चार हंगामांत 163 होमरन दिले.

आखूड मुदतीचा करार फसला तरी सावरता येतो. मेट्सने चाळिशीच्या आसपासच्या शेर्झर आणि जस्टिन व्हर्लँडर या दोघा पिचरना वर्षाला 4.33 कोटी डॉलर दिले, आणि 2023 मध्ये संघ 75 विजय आणि 87 पराभवांवर अडकला. परंतु हंगामाच्या मध्यावरच दोघांचीही दुसऱ्या संघांशी देवाणघेवाण करून, त्यांच्या पगाराचा मोठा वाटा स्वतः उचलून, मेट्सने लुइसांहेल अकुन्या आणि ड्र्यू गिल्बर्ट यांसारखे तरुण मिळवले. पुढच्या वर्षी तोच संघ नॅशनल लीगच्या अंतिम मालिकेपर्यंत गेला. दहा वर्षांचा करार असा हातोहात खपत नाही, शिवाय दहा वर्षांची सेवा आणि त्यातील शेवटची पाच वर्षे एकाच संघात झाली, की देवाणघेवाण नाकारण्याचा हक्क खेळाडूला आपोआप मिळतो.

चूक होऊनच गेली असेल तर

सर्वात आधी पगार आणि फलंदाजीचा क्रम यांची फारकत करावी. इतके पैसे देतो म्हणून त्याला चौथ्या क्रमांकावर खेळवलेच पाहिजे, या हट्टापायी बुडत्याचा पाय खोलात जातो, कारण दिलेला डॉलर परत येत नाही आणि वरून सामनेही जातात. त्यानंतर खेळाडूला आजही नेमके काय जमते, ते शोधावे: डावखुऱ्या पिचरविरुद्ध तो चांगला खेळतो का, बचावातून मोकळा केल्यास पाय टिकतात का, आठवड्याला तीन सामने पुरतात का. देवाणघेवाण शक्य असेल, तर पगाराचा किती भाग उचलल्यास चांगला तरुण खेळाडू मिळतो, याची चौकशी लवकर करावी. यातले काहीच जमत नसेल, तर जागा मोकळी करावी. पैसे तसेही जाणार आहेत, संघातील ती एक जागा तरी परत मिळते.

एंजल्सने पूहोल्सला मे 2021 मध्ये, कराराचे शेवटचे वर्ष सुरू असताना, मोकळे केले. त्याच वर्षी डॉजर्सने आणि 2022 मध्ये कार्डिनल्सने त्याला प्रामुख्याने डावखुऱ्या पिचरविरुद्ध वापरले. बेचाळिसाव्या वर्षी, एका हंगामाच्या 25 लाख डॉलरच्या करारावर, त्याने 24 होमरन मारले आणि कारकिर्दीतील 703 होमरनवर थांबला.