बंदूक विकताय? कागद पूर्ण करा, फोटो आवरा, आणि या चुका टाळा

वडलांनी पंचाहत्तरीला त्यांची जुनी बारा बोअर विकायची ठरवली आणि आमच्या घरातली पहिली चूक त्याच संध्याकाळी झाली. चुलत भावाने, अगदी चांगल्या मनाने, टेबलावर बंदूक आणि शेजारी लायसन्सचं उघडं पान असा फोटो काढून सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला, खाली लिहिलं, कुणाला हवी असेल तर सांगा. फोटोत वडलांचं नाव, कोथरूडचा पत्ता, बंदुकीचा नंबर सगळं वाचता येत होतं. अर्ध्या तासात डिलीट केला, पण तोवर तो कुठे कुठे गेला कोण सांगणार, दुसऱ्या दिवशी इस्त्रीवाल्याने मला विचारलं की काकांकडे बंदूक आहे का म्हणून. घरात हत्यार आहे आणि दोन वयस्कर माणसं एकटी राहतात हे आदल्या दिवसापर्यंत पाच-सहा जणांनाच माहीत होतं.

पुढचे काही महिने या व्यवहारासाठी मीच धावपळ केली आणि तेव्हा लक्षात आलं की बहुतेक लोक हे नेमकं उलटं करतात. जिथे सगळं लेखी द्यायचं, म्हणजे पोलीस स्टेशन आणि परवाना शाखा, तिथे कमीत कमी सांगतात, आणि जिथे काहीच दाखवायची गरज नाही तिथे सगळं उघडं करून ठेवतात.

सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य म्हणजे “दोघांकडे लायसन्स आहे ना, मग आपसात देऊन टाकू, पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरी करू”. असं चालत नाही हो. शस्त्र कायदा १९५९ मधलं कलम ५ बघा. स्वतःच्या वापरासाठी कायदेशीर बाळगलेलं हत्यार विकायला दुकानदाराचा परवाना लागत नाही हे खरं, पण दोन अटी आहेत. एक, विकण्याचा इरादा आणि घेणाऱ्याचं नाव-पत्ता जिल्हा दंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याला लेखी कळवायचं. दोन, कळवल्यापासून किमान ४५ दिवस जाऊ द्यायचे. या अटी मोडल्या तर सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. नोटरीचा कागद पैशाच्या हिशोबाला ठेवा हवं तर, पण तो या पत्राच्या जागी बसत नाही.

आणि हे ४५ दिवस कुठून मोजायचे यातच माणसं फसतात. बोलणी झाली तेव्हापासून नाही, टोकन घेतलं तेव्हापासून तर नाहीच, माहिती दिली गेली त्या दिवसापासून. म्हणून पत्राच्या दोन प्रती न्या, तुमच्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक नंबर घेतल्याशिवाय काउंटरवरून हलू नका. साहेब नाहीत, ठेवून जा, असं आम्हाला एका ठिकाणी सांगितलं आणि आम्ही ठेवून आलो, पोच घेतलीच नाही. तीन आठवड्यांनी चौकशीला गेलो तर पत्र सापडेना, म्हणजे दिवस मोजायला सुरुवातच झालेली नाही, सगळं परत पहिल्यापासून. समोर पोच मिळत नसेल तर तेच पत्र स्पीड पोस्टने पाठवा आणि पावतीबरोबर डिलिव्हरीचा रिपोर्टही काढून ठेवा.

पुण्यात आणखी एक गोंधळ आहे तो म्हणजे हद्दीचा. शहरात परवान्याचं काम पोलीस आयुक्तालयात, ग्रामीण भागात कलेक्टर ऑफिसला. पण १५ ऑगस्ट २०१८ पासून पिंपरी-चिंचवडचं आयुक्तालय वेगळं झालं आणि तळेगाव, चाकण ही ठाणी तिकडे गेली, त्यामुळे ज्याचं लायसन्स त्याआधीचं आहे त्याने जुन्या शिक्क्यावर विसंबू नये. आमचा घेणारा तळेगावचा होता. लायसन्सवर एक ऑफिस, फाइल दुसरीकडे, आणि या शोधात दोन चकरा वाया गेल्या. पत्र लिहिण्याआधीच विकणाऱ्याची आणि घेणाऱ्याची आजची हद्द कुठली हे विचारून घ्या.

आता घेणाऱ्याबद्दल. ओळखीचा आहे, मामाच्या गावचा आहे, म्हणून लायसन्स बघायला संकोच करू नका. समोरच्याला हत्यार बाळगायचा हक्क आहे याची खात्री न करता त्याच्या ताब्यात देणं हा कलम २९ प्रमाणे स्वतंत्र गुन्हा आहे, म्हणजे “मला काय माहीत” हे उत्तर चालणार नाही. झेरॉक्स नाही, ओरिजिनल बघा. मुदत संपलेली नाही ना, युनिक नंबर म्हणजे यूआयएन आहे ना, तुमचं हत्यार ज्या प्रकारचं आहे त्या प्रकाराला परवानगी आहे ना. आणि जागा शिल्लक आहे ना, कारण २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला तीनऐवजी दोनच हत्यारं ठेवता येतात. पुष्कळ जुन्या लोकांच्या डोक्यात अजून तीनच आहे.

एवढं बघितलं की वहीत काय लिहायचं? नाव, पत्ता, लायसन्स नंबर, यूआयएन, कुणी दिलंय, मुदत कधीपर्यंत. बस. पॅन, बँकेचं पासबुक, बायकोमुलांची माहिती, हे कशाला मागायचं? मला याचा खरंच राग येतो, कारण मागणारा ते सगळं फोनच्या गॅलरीत टाकून विसरतो आणि तो फोन उद्या रिपेअरला जातो. कुणाला वाटेल की आता डेटा संरक्षणाचा कायदा आहे, पण २०२३ चा तो कायदा एखाद्या व्यक्तीने वैयक्तिक किंवा घरगुती कामासाठी वापरलेल्या माहितीला लागूच होत नाही, म्हणजे दोन माणसांच्या अशा व्यवहारात सांभाळायचं ते आपणच. आधार द्यायचंच असेल तर मास्क्ड आधार डाउनलोड करा, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात, आणि कॉपीवर आडवं लिहा की अमुक बंदुकीच्या व्यवहारासाठी, अमुक तारीख. घेणाऱ्यानेही हेच करावं, त्याचीही माहिती तेवढीच नाजूक आहे.

फोटोचं परत सांगतो. हत्याराची अवस्था दाखवायला फोटो लागतो हे मान्य, पण तो ज्याचं लायसन्स बघितलंय त्याच माणसाला, कोऱ्या चादरीवर ठेवून, नंबर झाकून. व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवलात तर फोटोत दडलेलं लोकेशन तसंच जातं, ही गोष्ट फार जणांना माहीत नसते. बंदूक घरात कुठल्या कपाटात असते, काडतुसं कुठे, आपण गावाला कधी जातो, हे बोलण्याच्या ओघात सुद्धा सांगू नका. बघायला घरी बोलावण्यापेक्षा परवानाधारक शस्त्र दुकानदाराकडे भेटा. तिथे हत्यार तपासूनही होतं आणि तिसरा जाणकार माणूस समोर असतो.

पण झाकायचं ते लोकांपासून, कागदावर मात्र नंबर पूर्ण हवा. आमच्याकडे लायसन्सवरचा नंबर आणि नळीवरचा नंबर यात एका आकड्याचा फरक निघाला, कधीतरी हाताने नवीन पुस्तक लिहिताना ३ चा ८ झाला होता. विकायच्या आधी अर्ज देऊन ती दुरुस्ती करून घ्यावी लागली. तुमचा नंबर झिजला असेल तर कारागिराकडून परत कोरून घ्यायच्या भानगडीत अजिबात पडू नका, हत्यारावरचा ओळख क्रमांक पुसणं किंवा बदलणं हा गुन्हा आहे, परवाना शाखेला लेखी विचारा. उरलेल्या काडतुसांचा आकडाही पत्रात टाका, त्यांनाही हेच नियम आहेत, बंदुकीबरोबर भेट म्हणून देण्याची ती वस्तू नाही.

पैसे चेकने किंवा ट्रान्स्फरने घ्या. ताबा देताना हत्यार रिकामं, केसमध्ये, दोघांची ओरिजिनल लायसन्सं बरोबर, आणि ताबा पावतीवर तारखेसोबत वेळही लिहा. त्यानंतर अनेक जण घरी जाऊन निवांत होतात, आणि माझ्या मते सगळ्यात महागात पडते ती ही चूक. तुमच्या लायसन्सवरून हत्यार कमी झाल्याची आणि त्याच्या लायसन्सवर चढल्याची नोंद होईपर्यंत सरकारी रेकॉर्डला ती बंदूक तुमचीच आहे, आणि उद्या काही घडलं तर पोलीस नंबरवरून आधी तुमच्याच दारात येतील. दोन्ही नोंदींच्या पानांची कॉपी मागून घ्या. ती, पोच, ताबा पावती आणि बँकेची एंट्री एका फाइलमध्ये, आणि ती फाइल कायमची, कारण नीट ठेवलेली बंदूक माणसापेक्षा जास्त जगते. मुलाला फाइल कुठे आहे ते सांगून ठेवा.

आता चूक झालीच असेल तर काय?

पोच हरवली असेल तर ज्या कार्यालयात पत्र दिलं तिथे माहिती अधिकारात स्वतःच्या अर्जाची प्रत मागा, फी १० रुपये. मुदतीआधीच ताबा दिला असेल तर तारखा मागे-पुढे करून नवीन कागद बनवू नका, आधी वकिलाला गाठा आणि त्यांच्या सल्ल्याने लेखी कळवा. विक्री चालू असताना तुमचंच लायसन्स संपलं तर हत्यार घरात ठेवता येत नाही, लगेच पोलीस स्टेशनला किंवा परवानाधारक दुकानदाराकडे जमा करून पावती घ्यायची, आणि वडील वारले असतील तर वारसांनीही तेच करायचं, भाऊ-भाऊ ठरवतील तोपर्यंत माळ्यावर ठेवू असं नाही.

व्यवहार फिसकटला तर? आमचा पहिला घेणारा ऐनवेळी नको म्हणाला. त्याच्या लायसन्सची कॉपी मी त्याच्या हातात परत दिली, फोनमधले फोटो त्याच्यासमोर डिलीट केले, ट्रॅश सुद्धा रिकामा केला, आणि पोलीस स्टेशनला दोन ओळींचं पत्र दिलं की अमुक तारखेच्या पत्रातली विक्री रद्द झाली, हत्यार माझ्या वडलांच्याच ताब्यात आहे. यावेळी शिक्का घेऊनच बाहेर पडलो.