शाहिरी रेकॉर्ड्स जमवताय? मग या चुका टाळा

पुण्यातल्या जुन्या बाजारात बुधवारी नाहीतर रविवारी चक्कर मारा, कोणीतरी हमखास शाहीर साबळेंची रेकॉर्ड पुढं करणार, 'घ्या दादा, एकदम सुरुवातीची आहे.' असेलही. पण 'जय जय महाराष्ट्र माझा' नंतर इतक्या एलपी (लाँग प्ले रेकॉर्ड) आणि कॅसेटवर आलंय की नुसतं गाण्याचं नाव बघून पैसे काढू नका. सुरुवातीचं म्हणजे साधारण ७८ची, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे फिरणारी लाखेची तबकडी, हातात जड, एका बाजूला जेमतेम ३ मिनिटं. लेबलच्या बाहेर, गाणं संपतं तिथं त्या रेकॉर्डिंगचा एक नंबर उठवलेला असतो, मोबाइलचा टॉर्च तिरका धरला की दिसतो, त्याचा फोटो काढून ठेवा. मी सुरुवातीला हे करत नव्हतो, एकच रेकॉर्डिंग तीनदा घेतलं, घरी काय ऐकून घेतलं ते सांगत नाही.

वामनदादा कर्डक शोधताना वेगळीच गंमत. ते लिहायचेही आणि गायचेही, पण त्यांची गाणी बाकीच्यांनी भरपूर गायलीत, त्यामुळे गायकाच्या नावावर थांबू नका, लेबलवरचं बारीक अक्षरातलं गीतकाराचं नाव वाचा.

आता सगळ्यात महाग चूक, म्हणजे माझी. बुरशी आलेली ७८ची तबकडी मी स्पिरिटनं पुसली. कापूस काळा झाला, मला वाटलं वा काय मळ निघतोय, आणि तो मळ नव्हताच, गाणं निघत होतं! फर्निचर पॉलिशवाला चपडा स्पिरिटमध्येच विरघळवतो हे आपण लहानपणापासून बघतो, तरी डोक्यात आलं नाही, ही तबकडीही त्याच लाखेची. डिस्टिल्ड वॉटर, भांड्याच्या लिक्विडचा एखादा थेंब, मऊ फडकं, आणि लेबल कोरडं ठेवायचं, बास.

आवाज घोगरा, संथ येतोय? आजकालच्या बऱ्याच प्लेअरला ७८ स्पीडच नसतो. मग ४५ वर वाजवून कॉम्प्युटरवर रेकॉर्ड करा आणि स्पीड १.७३३ पट करा, शाहीर परत टिपेला जातात. खरखर मात्र सुईची असू शकते, एलपीची सुई बारीक असते, ७८च्या रुंद खाचेत ती तळाला घासत जाते, जाड सुई वेगळी घ्यावी लागते. ग्रामोफोनची स्टीलची सुई असेल तर प्रत्येक बाजूला नवी, तिथं कंजुषी नको.

रेकॉर्ड्स आडव्या थप्पीत नको, उभ्या ठेवा, आणि पत्र्याखालच्या माळ्यावर तर नकोच, एप्रिलमध्ये वाकतात.

कार्यक्रमात कोणी भरलेल्या घरगुती कॅसेट मिळाल्या तर त्या आधी कॉपी करा, कारण त्या एकुलत्या एक असतात. आवाज दबका येत असेल तर आतली स्पंजची गादी पडलीय का बघा, पडली असेल तर टेप दुसऱ्या खोक्यात बसवा, स्क्रूवाली असेल तर दहा मिनिटांचं काम. आणि वरच्या कडेच्या दोन प्लॅस्टिकच्या पट्ट्या आधी मोडा, नाहीतर कोणीतरी चुकून रेकॉर्डचं बटण दाबतं, आमच्याकडं एका जलशाच्या कॅसेटवर आता मध्येच सोसायटीची गणपतीची आरती लागते.